आरसेबाई आणि आईच्या नावाची बोट

बर्फाच्या कारखान्यापर्यंत ताईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्या पुढे, मी मागे. यार्डातून निघून बराच वेळ झाला होता, रस्ता निम्माही सरला नव्हता आणि माझ्या चपलेचा अंगठा सुटायला आला होता. ताईंची चाल अशी, जणू रस्त्यानंच त्यांचं काही वाकडं केलंय. खांद्यावरच्या पिशवीत पॉलिशच्या मशीनची लोकरीची गादी. ती त्या रोज घरी नेऊन धुतात. पिशवी दर पावलाला पाठीवर आपटत होती.

"ताई, जरा हळू चला ना."

"तुला कोणी सांगितलं होतं गाडीतून उतरायला? बसायचं होतंस नवऱ्याशेजारी. गार हवा लागली असती."

"त्या गाडीचं गार हवेचं बटण केव्हाच बिघडलंय."

"बरं झालं. उकडू दे त्याला."

आणि पुन्हा चालायला लागल्या. मागून ती गाडी गोगलगाईसारखी येतच होती. मध्येच हॉर्न वाजायचा, हलका, लाडीगोडी लावल्यासारखा.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. बोटींच्या यार्डात काम करतात. फायबरच्या बोटी उन्हानं खाल्ल्या की घासून त्यांची गेलेली चमक परत आणायची, हे त्यांचं काम. यार्डात त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही, सगळे आरसेबाई म्हणतात. गाडी चालवत होता तो त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा. हे ताईंना न्यायला म्हणून यार्डाच्या फाटकापर्यंत आले. फाटकापर्यंतच. आत पाऊल टाकलं नाही, हॉर्न वाजवला. ताईंनी हात पुसले, बाहेर आल्या आणि गाडीला वळसा घालून सरळ चालू लागल्या. ह्यांनी काच खाली केली, म्हणाले, "ताई, बस ना." ताई म्हणाल्या, "तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मी खाडीतून पोहत जाईन." मी मागच्या सीटवर होते. दार उघडून उतरले. मलाही राग आला होता, ह्यांचाच. तो गाडीत मागे बसून काढता येण्यासारखा नव्हता.

राग कशाचा ते सांगायचं तर सासूबाईंपासून सुरुवात करायला हवी.

माझ्या सासूबाई खाडीवर माणसं पार करायच्या. सासरे लवकर गेले, मागे एक लाकडी बोट राहिली, आणि बाईमाणसाच्या बोटीत कोण बसणार असं ज्यांना वाटलं ते पुढे रोज तीच बोट पकडायला धावत यायचे. ताई शाळेतून आल्या की दप्तर टाकून दोर धरायला जायच्या. हे तेव्हा अगदी लहान. बोटीच्या पुढच्या टोकाला टोपलीत बसवलेले असायचे. रडायला लागले की ताईंनी एका पायानं टोपली हलवायची आणि हातांनी दोर ओढायचा. "पहिली पाच वर्षं मी ह्याला पायानंच वाढवलाय," असं ताई एके काळी हसून सांगायच्या.

पुढे लाकडी बोट गळायला लागली आणि फायबरची आली, गडद निळी. तिच्यावर नाव काय घालायचं यावर घरात वाद झाला. ताईंनी परस्पर पिवळी अक्षरं कापून आणली आणि आईचंच नाव चिकटवलं. सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव कशाला पाण्यात बुडवता गं? देवाचं लिहा." ताई म्हणाल्या, "देवानं कधी वल्हं मारलंय इथं?" मी रोज देवापुढे बसणारी बाई, मला असलं बोलणं आवडत नाही. पण सासूबाई त्यावर पोट धरून हसल्या होत्या म्हणे, म्हणून लिहिते.

ताईंचं लग्न झालं, टिकलं नाही. नवरा हात उगारायचा. एके दिवशी एक पिशवी घेऊन परत आल्या आणि दुपारच्या फेरीला वल्हं धरून उभ्या राहिल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, "सुट्टीवर आलेय." ती सुट्टी काही संपली नाही.

मग खाडीवर पूल झाला. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. बोट आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत येऊन पडली, आणि घराबरोबर बोटही मुलाच्या नावावर झाली. ताईंना कोणी विचारलं नाही. त्यांनीही भांडण केलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एवढंच म्हणाल्या, "बोट तुझी. मला त्यातलं काही नको. आईचं नाव तेवढं राहू दे तिच्यावर." हे म्हणाले, "वेडी आहेस का? काढतंय कोण?" मी तिथंच भांडी पुसत उभी होते.

नंतर ताई एका धोब्याच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेल्या आणि यार्डात कामाला लागल्या. सुरुवातीला बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम होतं. पॉलिशचं मशीन बायकांना झेपत नाही असं मुकादमाचं म्हणणं. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत, एका मोडक्या बोटीच्या पाठीवर, स्वतःच हात बसवला. सांडलेली पेस्ट बोटानं गोळा करून वापरायच्या. मुकादमानं पाहिलं तेव्हा त्या बोटीच्या अर्ध्या पाठीत त्याचं टक्कल दिसत होतं. तेव्हापासून आरसेबाई.

काम दिसतं तेवढं साधं नाही. फायबरच्या बोटीला वरून रंग मारलेला नसतो. रंगीत राळेचा एक थर असतो, जाड पुठ्ठ्याएवढा. ऊन तो थर खातं. आधी चमक जाते, मग रंग उडतो, आणि मग नुसता हात फिरवला तरी शाळेतल्या फळ्यासारखी पांढरी भुकटी हाताला लागते. ती मेलेली कातडी काढायची असते. आधी पाणी मारत मारत खरखरीत पेपर, मग त्याहून मऊ, मग आणखी मऊ. मग पेस्ट लावून मशीन, शेवटी मेण. मशीन एका जागी टेकवून ठेवलं की थर तापतो, जळतो आणि खालचं पिवळट फायबर उघडं पडतं. म्हणून हात सतत फिरता ठेवायचा. संध्याकाळी ताई आमच्याकडे चहाला बसल्या की हातातली कपबशी किणकिणत राहते, मशीनचा थरकाप अंगात मुरलेला असतो. थट्टा केलेली मात्र चालत नाही. ह्यांनी एकदा "ताईचं बँड आलं" म्हटलं, तर चहा तसाच ठेवून निघून गेल्या.

रागीट आहेतच. यार्डात काही लोक घासायचे कष्ट टाळून भुकटीवर तसंच तेल चोपडतात. बोट आठवडाभर झळकते आणि पहिल्या कडक उन्हात पुन्हा पांढरी पडते. अशी बोट दिसली की ताई आख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडतात, "कोणी लावली रे म्हाताऱ्या नवरदेवाला पावडर?" हलक्या हातानं काम त्यांनी कधी केलं नाही आणि करणाऱ्याला कधी माफ केलं नाही. मला वाटतं त्यांच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून.

आता ह्यांच्याबद्दल. माझा नवरा वाईट माणूस नाही. भित्रा आहे. गेली दोन वर्षं कुठे ना कुठे रोजावर गाडी चालवत होते, त्यातच आम्हा दोघांचं आणि लहान लेकीचं भागवायचं. यंदा खाडीकाठच्या नव्या हॉटेलनं बोलावलं. पाहुण्यांच्या बोटी सांभाळायचं कायमचं काम. मॅनेजरला आमच्या घरामागची बोट हवी होती, नव्यासारखी करून, वर हॉटेलचं नाव घालून. बोट आली तरच काम. हे घरी येऊन मला म्हणाले, "ताईशी बोललोय मी. ती हो म्हणाली." मी त्या संध्याकाळी देवाला हात जोडले, समजुतीनं झालं म्हणून आभार मानले. ते आभार आठवले की आजही माझी कानशिलं तापतात. माणसानं बायकोशी खोटं बोलावं ते बोलावं, तिला देवापुढेही खोटी पाडावी?

ताईंच्या सुट्टीच्या दिवशी ह्यांनी बोट ट्रॉलीवर घालून यार्डात नेली. ताडपत्री केव्हाच फाटली होती, बोट उन्हात पिठासारखी पांढरी झाली होती. पिवळी अक्षरं ह्यांनीच नखांनी ओरबाडून काढली. पण अक्षरं काढली म्हणून नाव जात नाही. त्यांच्याखालच्या थरानं ऊन पाहिलेलंच नसतं. सगळी बोट पांढुरकी, आणि तिच्या कुशीवर आईचं नाव गडद निळं, पहिल्या दिवसाइतकं कोरं. मुकादम म्हणाला, हे आरसेबाईंचं काम. हे म्हणाले, "तिला माहीत आहे सगळं. पण तिला त्रास नको, दुसऱ्याला द्या."

दिलं एका नव्या रंगाऱ्याला. पुढचं मला मुकादमानं सांगितलं. ताई दुसऱ्या शेडमध्ये एका पांढऱ्या बोटीवर मेण लावत होत्या. मशीन दाबून धरलं की त्याचा आवाज दमलेल्या माणसासारखा होतो, तो त्यांना ऐकू आला. जागेवरूनच ओरडल्या, "कोण रे तो? मशीन आहे की वरवंटा? उचल की जरा!"

"आरसेबाई, ह्यावरचं नाव जाता जात नाहीये!"

"नाव घासतोयस होय? अरे गाढवा, नावाला हात लावायचा नसतो! ते चांगलंच आहे, खराब भोवतालचं झालंय! भोवतालचं घास, त्याच्या रंगाला आण, म्हणजे नाव आपोआप दिसेनासं होतं. कितींदा सांगायचं तुम्हाला..."

नवखा माणूस इथं हमखास चुकतो. जे घालवायचं त्यालाच घासत बसतो. ताई बोलत बोलत शेडला वळसा घालून आल्या, आणि त्यांना बोट दिसली.

पहिल्या अक्षराच्या जागी पिवळं फायबर उघडं पडलं होतं. मुकादम सांगतो, बाईंनी मशीनची पिन ओढली आणि त्या जागेवर हात ठेवला. जागा अजून चटका बसेल इतकी गरम होती, हात काढला नाही. तो घाबरून म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं सांगितलं, तुम्हाला माहीत आहे म्हणून." ताई म्हणाल्या, "हो. हिला मी चांगली ओळखते. निघा आता सगळे इथून."

त्या संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. चपला काढल्या नाहीत.

"कधी सांगणार होतास? हॉटेलचं नाव वाळल्यावर?"

"अगं, सांगणारच होतो. ती अक्षरं तशीही गळायला आली होती, आपोआप..."

"आपोआप. आणि मशीनही आपोआप चालत आलं तिच्यापर्यंत?"

"तू चिडतेस म्हणून नाही सांगितलं."

"म्हणजे मी चिडते म्हणून तू लबाडी केलीस. चूक माझीच की मग!"

"ताई, काम लागतंय मला. आई असती तर म्हणाली असती, पोराचं भलं..."

"आईच्या तोंडात शब्द कोंबू नकोस. तिचं नाव पुसतोयस तेवढं पुरे."

मी ह्यांना म्हणाले, "तुम्ही कबूल केलं होतंत. ह्याच घरात, ह्याच ओट्यापाशी. मी ऐकलंय." हे माझ्यावर उलटले, "तू मध्ये पडू नकोस." म्हटलं, "मध्ये मला तुम्हीच उभं केलंत, खोटं सांगून." त्या रात्री आमच्या घरात कोणी कोणाला वाढलं नाही.

मला वाटलं, ताई आता त्या बोटीकडे फिरकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला सांगितलं, "निळ्या बोटीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." मी रोज दुपारी डबा घेऊन जायला लागले. खरं तर काय करताहेत ते बघायला. त्या आधी पिवळ्या पडलेल्या अक्षरावर बसल्या. राळेत निळा रंग थेंबथेंब कालवून, वाळवून, न जुळला की शिव्या देऊन फेकून, शेवटी जुळवला. जखम भरून काढली, वर अक्षराची कड पुन्हा होती तशी करून घेतली. मी विचारलं, "पुसायचंच आहे ते, मग एवढं कोरून कशाला?" म्हणाल्या, "भाजलेलं माणूस तसंच मसणात पोहोचवतात का?"

मग भोवताल. मी कोणालाही इतक्या रागानं इतकं नाजूक काम करताना पाहिलेलं नाही. दात आवळलेले, तोंडानं अखंड पुटपुट, आणि हात मात्र लोण्यावरून फिरल्यासारखा. भुकटी दुधासारखी ओघळायची, खालून निळा वर यायचा. अक्षरांना टेप लावून झाकलं होतं. त्यांच्या कडेपर्यंत जायच्या आणि थांबायच्या.

हॉटेलचा मॅनेजर एकदा बघायला आला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा बाई! तोंड दिसतंय हो यात!"

"दिसतंय ना? मग नीट बघून घ्या."

तो हसला. त्याला वाटलं, गंमत.

आज सकाळी टेप काढली. समोरून पाहिलं तर काहीच नाही, नुसता निळा आरसा. पण ऊन तिरकं झालं आणि मॅनेजरनं बाजूनं पाहिलं, तेव्हा नाव पुन्हा उठून आलं. रंग आता एक झालेला, पण ऊन न लागलेली अक्षरं भोवतालपेक्षा केसभर उंच राहिलेली. मॅनेजर म्हणाला, पाहुणे धक्क्यावरून चालत येतात, त्यांना बाजूनंच दिसणार, उद्यापर्यंत तेवढं घालवून टाका. ताई मशीनची गादी सोडवून पिशवीत भरू लागल्या. मग फाटकाशी हॉर्न वाजला.

तर बर्फाचा कारखाना मागे पडला आणि मागची गाडी पुन्हा हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा ताई एकदम डावीकडे गोदामांच्या बोळात शिरल्या. तिथं गाडी शिरत नाही. ह्यांनी तोंडाशीच ब्रेक मारला. मी वळून पाहिलं, तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. उतरतील असं मला वाटलं. उतरले नाहीत.

"आला का मागे?" ताईंनी न वळता विचारलं.

"नाही."

"येणारच नाही. फाटकाच्या आत येत नाही, बोळात कुठला येतोय! जे घालवायचंय त्याच्याकडे बघायचीसुद्धा हिंमत नाही." त्या थांबल्या. "त्यानं बघितलीये का बोट, आणून टाकल्यापासून?"

"नाही. विचारतात फक्त, झालं का म्हणून."

"झालं का! दाढदुखी आहे का ती?"

मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "ताई, तुम्ही तरी का करताय हे काम? नाही म्हणायचंत. आम्ही बघितलं असतं आमचं काय ते. माझ्या घरावर असले उपकार नकोत मला."

"उपकार?" ताई माझ्याकडे वळल्या. "उपकार करायला मी काय वाटेवर पडलेय? मी नाही म्हटलं तर तो रंगारी घासेल, भोक पडेपर्यंत. दुसऱ्याच्या हातून तिची ती गत नको मला. आणि तुझी लेक काय खाईल, ते आहेच. पण दया येऊन करत नाहीये, कळलं? राग आलाय मला. इतका आलाय की तो उतरला तर माझ्याकडे काय राहील, याचीच भीती वाटते."

त्यांचा आवाज गोदामांच्या पत्र्यांवर आदळून परत आला. एक हमाल थांबून बघायला लागला. ताई त्याला म्हणाल्या, "काय पाहिजे?" तो गेला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते आणि त्याच मनात नवऱ्याला असं काही बोलत होते की देवानं कान झाकून घ्यावेत.

"हे सगळं देवही बघतोय, ताई," मी म्हणाले.

"देवाला बघू दे. तुझ्याशी काम आहे माझं."

त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून दोन्ही हातांत धरली. बोलताना पहिल्यांदा आवाज खाली आणला, आणि तो ओरडण्यापेक्षा जड वाटला.

"माझं काम संपलं. भोवतालचं सगळं मी केलं. अक्षरं राहिलीत. त्यांना आता मशीन लागत नाही. मऊ पेपर ओला करायचा, तळहाताखाली धरायचा आणि एकेका अक्षरावरून हलके हलके फिरवायचा, ते खाली बसेपर्यंत. डोळ्याला दिसत नाही ना, तेही तळहाताला लागतं. कड लागते, वळण लागतं, काना लागतो. कुठलं अक्षर आहे ते डोळे मिटूनही कळतं. ते मी करणार नाही. मुकादमाला करू देणार नाही. काम हवंय त्याला, नाव नकोय त्याला, तर तेवढं त्यानं स्वतःच्या हातानं पुसायचं. मी बादली भरून ठेवीन, पेपर भिजत घालीन, शेजारी उभी राहीन. एक शब्द बोलणार नाही, शपथ घेते. पण त्यानं यायचं. माझ्या सांगण्यानं तो यायचा नाही, मला घाबरतो. तुझ्या सांगण्यानं येईल." त्यांनी माझा दंड धरला. "उद्या सकाळी त्याला गाडीतून उतरव. भांड, रड, काहीही कर, पण फाटकाच्या आत घेऊन ये, पार बोटीपर्यंत. आणशील ना?"